हस्ताक्षराचा आभास आणि औचित्याचा प्रश्न

मुद्रित अक्षर हे आशयाचे केवळ पारदर्शक वाहन असते, असे आपली समीक्षा सहसा गृहीत धरते. ‘कॉमिक सॅन्स’ या हस्ताक्षरसदृश, खेळकर फॉन्टचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो.

१९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील व्हिन्सेंट कोनेर यांनी ‘बॉब’ या नवशिक्यांसाठीच्या संगणकप्रणालीची प्राथमिक आवृत्ती पाहिली. तीत व्यंगचित्रातला एक कुत्रा बोलत होता. परंतु त्याच्या संवादाच्या फुग्यातील अक्षरे मात्र वृत्तपत्रासाठी घडवलेल्या ‘टाइम्स न्यू रोमन’ची होती. ही विसंगती कोनेर यांना खटकली. ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आणि ‘वॉचमेन’ या चित्रकथांतील हाताने काढलेली अक्षरे समोर ठेवून त्यांनी नवे वळण घडवले. म्हणजे या फॉन्टचा जन्मच औचित्यविचारातून झाला. ‘बॉब’मध्ये मात्र तो जाऊ शकला नाही, आधीच आखलेल्या फुग्यांत ही रुंद अक्षरे मावेनात. १९९५ मध्ये विंडोज ९५ च्या ‘प्लस’ या पूरक संचातून, आणि पुढे विंडोजबरोबरच, तो घरोघरी पोचला.

येथे एक सत्तांतर घडले. खिळ्यांच्या छपाईत अक्षराची निवड बहुधा छापखान्याच्या हाती असे. आता ती कळफलकापुढे बसलेल्या कोणाच्याही हाती आली. आमंत्रणांपासून कार्यालयीन सूचनांपर्यंत हे अक्षर पसरले. १९९९ मध्ये डेव्ह आणि हॉली कोम्ब्स या अमेरिकी दांपत्याने त्याच्यावर बंदी घालण्याची मोहीम सुरू केली. ४ जुलै २०१२ रोजी सर्न येथे फाबिओला जानोत्ती यांनी हिग्ज बोसॉनविषयीचे निष्कर्ष याच अक्षरात मांडले, तेव्हा शोधाबरोबर अक्षराचीही चर्चा झाली.

या उपहासात जाणकारांचा अभिरुचीविषयक अहंकार आहेच. वाचनअक्षमता असलेल्यांसाठी ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनने सुचवलेल्या वळणांत हाच फॉन्ट आहे, ही गोष्ट तो अहंकार विसरतो. मात्र आक्षेपात तथ्यही आहे. हाताने लिहिताना एकच अक्षर दोनदा तंतोतंत सारखे उमटत नाही. फॉन्टमध्ये ते दरवेळी तेच असते. लिहिणारा हात तेथे नसतो, असते ती त्याच्या जवळिकीची खूण. कठोर सूचनेवर ही खूण डकवली की सत्ता स्नेहाचा मुखवटा धारण करते.

क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. त्या दृष्टीने पाहता दोष या वळणाचा नाही. तो स्थानाचा आणि संबंधाचा आहे. समीक्षेने संहिता वाचताना तिचे अक्षरही वाचले पाहिजे, ते यासाठीच.