बोरिवली–विरार लोहमार्ग आणि परकीय अर्थसाहाय्याची कसोटी

परकीय अर्थसाहाय्याने दारिद्र्य कितपत हटते, या प्रश्नाची चर्चा बहुधा रकमांच्या आकड्यांवरून होते. रक्कम कोणाच्या उपयोगी पडली आणि तिच्यापायी कोणाला उठावे लागले, ही चौकशी मागे पडते. वसई-विरारच्या अलीकडील इतिहासातील एक प्रकरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील लोहमार्गाचे विद्युतीकरण बोरिवलीपर्यंत 1928 साली व विरारपर्यंत 1936 साली झाले. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे बोरिवलीपलीकडे दोनच रूळमार्ग होते. उपनगरी गाड्या आणि गुजरातकडील लांब पल्ल्याच्या गाड्या त्यांवरूनच धावत. मुंबईत घर न परवडणारा कामकरी वर्ग नालासोपारा-विरारकडे वसत गेला, तरी मार्ग तेवढेच राहिले. त्यांचे चौपदरीकरण मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात समाविष्ट झाले व 2007 साली पूर्णत्वास गेले. प्रकल्पासाठी जागतिक बँकेने 2002 साली 46 कोटी 30 लक्ष डॉलरांचे कर्ज आणि आंतरराष्ट्रीय विकास संस्थेमार्फत 7 कोटी 90 लक्ष डॉलरांचे सवलतीचे ऋण मंजूर केले. पहिल्यास साहाय्य म्हणावे की सावकारी, हा वाद येथे नको. दुसरे मात्र विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी राखलेले होते, आणि खरी कसोटी तेथेच लागते.

या तरतुदीमागे नर्मदेचा इतिहास आहे. सरदार सरोवरासंबंधी मोर्स समितीने 1992 साली दिलेल्या प्रतिकूल अहवालानंतर, मार्च 1993 मध्ये भारत सरकारने कर्जाचा उरलेला भाग नाकारला. त्याच वर्षी बँकेने बाधितांची गाऱ्हाणी ऐकणारे निरीक्षण मंडळ स्थापन केले. अक्राणी-अक्कलकुव्याच्या आदिवासींनी दिलेल्या झुंजीचा हा एक दूरचा परिणाम होय.

मुंबईत सुकथनकर समितीच्या शिफारशींवरून राज्य शासनाने 1997 साली पुनर्वसन धोरण ठरविले. जमिनीची मालकी नसलेल्या झोपडीवासीयांसही 225 चौरस फुटांचे घर विनामूल्य देण्याचे त्यात मान्य झाले. रुळांलगतच्या वस्त्यांची मोजणी वस्तीतील संघटनांच्या साहाय्याने झाली. हे पाऊल मोठे होते, यात संशय नाही.

तथापि 2004 पासून रस्त्यांच्या बाधितांनी, विशेषतः कुर्ला भागातील दुकानदारांनी, निरीक्षण मंडळाकडे तक्रारी केल्या. डिसेंबर 2005 च्या अहवालात मंडळाने बँकेवर कठोर ठपका ठेवला. आरंभी सुमारे 80 हजार धरलेली बाधितांची संख्या 1 लक्ष 20 हजारांच्या घरात गेली होती, आणि दुकानदारांच्या उपजीविकेचा विचार अपुरा झाला होता. घर बदलून देता येते; गिऱ्हाईक देता येत नाही, हा साधा व्यवहार नियोजनकारांच्या ध्यानी आला नाही. मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या अंगांचा निधी थांबविला; सुधारणांनंतर जूनमध्ये तो पुन्हा सुरू झाला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, धोरण उदार असूनही चूक उघड झाली ती बाधितांस दात्याच्या दारी दाद मागता आली म्हणून. विरारच्या प्रवाशाची सोय आणि मानखुर्दच्या इमारतीत गेलेल्या कुटुंबाची गैरसोय एकाच ताळेबंदात मांडण्याची सोय मात्र आजही नाही. दोघेही बहुधा एकाच आर्थिक थरातले असतात.

विरार–डहाणू चौपदरीकरणाचा अंतर्भाव असलेल्या तिसऱ्या टप्प्यासाठी आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेने 2019 साली 50 कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले. या मार्गालगत दाट झोपडवस्तीपेक्षा शेती, वाड्या व पाडे अधिक आहेत. तेथे 225 चौरस फुटांचे माप लावून भागणार नाही.