रेनिन : एका संज्ञेचा व एका प्रथिनाचा इतिहास

शास्त्रीय परिभाषेतील संज्ञा या पुष्कळदा पदार्थापेक्षा त्याच्या शोधाच्या वेळचे अज्ञान अधिक काळ जतन करून ठेवतात. ‘रेनिन’ व ‘अँजिओटेन्सिन’ या दोन संज्ञांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कारण रक्तदाबाच्या चौकटीत जन्मलेल्या या नावांखाली मूत्रपिंडातील रक्तवाहिन्यांच्या घडणीचा एक सर्वस्वी निराळा विषय दीर्घकाळ झाकलेला राहिला.

फिनलंडमध्ये जन्मलेले शरीरक्रियाविज्ञ रॉबर्ट टिगरस्टेट हे स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक असताना त्यांनी व त्यांचा विद्यार्थी पेर गुस्ताव बेर्गमान याने सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या नीलेत टोचून पाहिला, तेव्हा त्याचा रक्तदाब वाढला. हा गुण मूत्रपिंडाच्या बाह्यकात आढळला, आणि अर्क उकळला असता तो नाहीसा झाला. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी या द्रव्यास ‘रेनिन’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘रेन्’ म्हणजे मूत्रपिंड. नाव केवळ स्थानवाचक आहे. द्रव्य काय करते याविषयी ते काहीच बोलत नाही. नामकरणाचा हा संयम पुढे उपकारक ठरला, असे म्हणावयास हरकत नाही.

एक अडचण मात्र त्यात होती. वासराच्या जठरातील दूध साकळविणाऱ्या एंझाइमालाही इंग्रजीत जवळजवळ हेच नाव होते. फरक काय तो एका ‘न’च्या द्वित्वाचा. त्या दुसऱ्या शब्दाचा लॅटिन ‘रेन्’शी काही संबंध नाही, तो ‘वाहणे, साकळणे’ या अर्थाच्या जर्मानिक धातूपासून आलेला. देवनागरीत तर दोन्ही ‘रेनिन’च. आता त्या जठरस्थ एंझाइमास ‘कायमोसिन’ म्हणतात, ही मराठी लेखकांची मोठीच सोय झाली. गंमत अशी की, व्युत्पत्तीने परकी असलेली ही दोन द्रव्ये रासायनिक दृष्ट्या खरोखरच एका कुळातील निघाली.

टिगरस्टेट यांचा शोध सुमारे पस्तीस वर्षे अडगळीत पडला. १९३४ साली क्लीव्हलंडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रोहिणीस चाप लावून ती अंशतः आवळली व कायमचा उच्च रक्तदाब उत्पन्न केला. त्यानंतर रेनिनकडे पुन्हा लक्ष वळले. १९३९–४० च्या सुमारास ब्वेनोस आयरेस येथे एदुआर्दो ब्राउन-मेनेंदेस, लेलुआर प्रभृतींचा गट व इंडियानापोलिस येथे अर्विन पेज यांचा गट हे दोन्ही परस्परांपासून स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाशी येऊन पोहोचले : रेनिन स्वतः रक्तवाहिनी आवळीत नाही, ते रक्तातील एका प्रथिनावर क्रिया करते व त्यातून आवळणारे द्रव्य निपजते. आर्जेंटिनाच्या गटाने त्यास ‘हायपरटेन्सिन’ म्हटले, अमेरिकनांनी ‘अँजिओटोनिन’. जवळजवळ दोन दशके एकाच पदार्थाची दोन नावे चालली. अखेर १९५८ साली ब्राउन-मेनेंदेस व पेज यांनी मिळून एका नावाचे पूर्वपद व दुसऱ्याचे उत्तरपद घेऊन ‘अँजिओटेन्सिन’ हा शब्द सुचविला. ग्रीक ‘वाहिनी’ व लॅटिन ‘ताण’ यांचा हा संकर पंडितांना रुचणारा नव्हे. पण भांडण मिटवणारा होता. पुढच्याच वर्षी जानेवारीत ब्राउन-मेनेंदेस विमान-अपघातात मृत्यू पावले.

या तडजोडीत ‘ताण’ मात्र टिकला. संज्ञाच ताणाची असल्यामुळे अभ्यासही ताणाचाच होत राहिला. प्रौढ मूत्रपिंडात रेनिन तयार करणाऱ्या पेशी केशिकागुच्छाच्या तोंडाशी, आत येणाऱ्या रोहिणिकेच्या भित्तीत, मोजक्या जागी असतात. भ्रूणावस्थेत मात्र त्या मूत्रपिंडातील रोहिण्यांच्या लांबीभर पसरलेल्या असतात, आणि वाढ होत जाते तशा मागे सरत जातात. १९८० च्या दशकापासून आरिएल गोमेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चित्र स्पष्ट केले. जिथे रक्तवाहिनी घडत आहे तिथेच रेनिन आहे, या सहवासाचा अर्थ काय?

उत्तर दोन बाजूंनी आले. १९९४–९५ मध्ये जपान व अमेरिकेत अँजिओटेन्सिनचे पूर्वद्रव्य बनवू न शकणारे उंदीर तयार करण्यात आले. त्यांचा रक्तदाब उतरला, हे अपेक्षितच होते; परंतु त्यांच्या मूत्रपिंडातील रोहिण्यांच्या भित्ती जाड झाल्या, हे अपेक्षेच्या अगदी उलट होते. २००४ साली मारिया लुइसा सेकेइरा-लोपेझ, गोमेझ प्रभृतींनी दाखविले की, रेनिन-पेशी या रक्तवाहिनीच्या अरेखित स्नायुपेशींच्या पूर्वजही असतात. स्नायुपेशी झाल्यावरही त्या आपले पूर्वचरित्र विसरत नाहीत. मीठ तुटले किंवा रक्तदाब खालावला की पुन्हा रेनिन करू लागतात.

प्रश्न येथे केवळ विद्वत्तेचा राहत नाही. अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखणारे कॅप्टोप्रिल अमेरिकेत १९८१ साली मान्य झाले, व त्या वर्गाची औषधे आज असंख्य रुग्ण वर्षानुवर्षे घेतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धात ती घेतल्यास गर्भाच्या मूत्रपिंडास अपाय होतो, म्हणून गर्भवतीस ती वर्ज्य आहेत. २०२१ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील याच गटाने प्रसिद्ध केले की, ही यंत्रणा दीर्घकाळ रोखली असता उंदरांत, व माणसांतही, मूत्रपिंडातील रोहिणिकांची भित्ती सर्व बाजूंनी जाड होऊन आतला मार्ग अरुंद होतो. रेनिन-पेशीच नष्ट केल्या तर उंदरांत ही विकृती उद्भवत नाही. पेशी शाबूत ठेवून रेनिन तेवढे काढले तर उद्भवते. तेव्हा दोष द्रव्याच्या अभावाचा नसून, त्या अभावाने सतत चेतविल्या गेलेल्या पेशीच्या वर्तनाचा असावा. या औषधांनी हृदय व मूत्रपिंड यांचे जे रक्षण होते ते निर्विवाद असल्याने रुग्णांनी ती सोडावीत असा याचा अर्थ कोणी काढीत नाही. त्या चेतवलेल्या पेशी भित्ती जाड करण्यास नेमका कोणता संदेश पाठवितात, याचा शोध शार्लट्सव्हिल येथे पुढे चालविण्यात आला.