कमी सीजीपीए असताना कॉलेज बदलायचे आहे? आधी हे समजून घ्या

पहिल्या वर्षाचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांचे येणे सुरू होते. "मुलीला 4.8 च आलेत, या कॉलेजातून काढून दुसरीकडे टाकावं का?" उर्दू माध्यमातून दहावी करून पुढे इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आम्हांला नवीन नाही. घाईत दाखला काढला आणि दुसरीकडे जागा मिळाली नाही, तर वर्ष जाते. मुलीचे वर्ष गेले की अनेक घरांत "आता पुरे" म्हटले जाते. म्हणून आधी माहिती, मग निर्णय.

कमी ग्रेड म्हणजे नापास नव्हे

यूजीसीच्या 10 गुणांच्या पद्धतीत ओ ग्रेडला 10, ए प्लसला 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी 4 आणि एफला 0 गुण असतात. पी मिळाला तरी तो विषय पास आहे आणि त्याचे क्रेडिट पूर्ण मिळते. एफ आला तर क्रेडिट मिळत नाही. म्हणून मार्कशीट हातात आली की सीजीपीएच्या आधी किती विषय राहिले ते बघा. 4.8 असून सगळे विषय सुटलेले असतील तर बदल सोपा जातो. 6 असून दोन केटी असतील तर अवघड.

सीजीपीए वर येतो का?

येतो. समजा प्रत्येक सत्र 22 क्रेडिटचे आहे. पहिल्या सत्रात 4.8, दुसऱ्यात 7 आणि तिसऱ्यात 7.3 मिळाले, तर सरासरी 6.37 होते. जास्त क्रेडिटच्या विषयाचे वजन जास्त असते. 4 क्रेडिटच्या विषयावर आधी मेहनत घ्या, 2 क्रेडिटच्या नंतर.

कोणता बदल सोपा?

एकाच विद्यापीठातले दुसरे कॉलेज सर्वांत सोपे, कारण अभ्यासक्रम बहुतेक तोच असतो. प्रश्न राहतो तो रिकाम्या जागेचा, आणि जागा थोड्या असल्या की मार्क बघितले जातात. दुसऱ्या विद्यापीठात जाताना विषय जुळतात का हे तपासले जाते. 2021 च्या नियमांनुसार क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, जास्तीत जास्त 7 वर्षे टिकतात. मात्र पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान 50 टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. त्यामुळे शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नका. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हालचाल करा.

लागणारी कागदपत्रे

1. सर्व सत्रांच्या मार्कशीट
2. जुन्या कॉलेजची एनओसी आणि टीसी
3. विद्यापीठ बदलत असल्यास मायग्रेशन सर्टिफिकेट
4. अपार किंवा एबीसी आयडी (डिजिलॉकरमध्ये मिळतो)
5. दहावी-बारावीच्या मार्कशीट, आधार, लागू असल्यास जातीचा व उत्पन्नाचा दाखला

नव्या कॉलेजने जागा देतो असे लेखी कळवल्याशिवाय टीसी काढू नका. यूजीसीच्या 2018 च्या सूचनेनुसार मूळ प्रमाणपत्रे तपासून परत द्यायची असतात, कॉलेजला ती अडवून ठेवता येत नाहीत. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज असेल तर दोन्ही कॉलेजांत आधी विचारा, नाहीतर हप्ता अडकतो.

बदलाने काय सुटते, काय नाही

प्रवास रोजचा तीन तासांचा असेल, हवा तो विषय कॉलेजात नसेल, तर बदल उपयोगाचा. पण अडचण इंग्रजीची असेल तर ती नव्या कॉलेजातही सोबत येते. अशा मुलांना आम्ही सांगतो की धडा आधी उर्दूत किंवा मराठीत समजून घ्या, मग त्याच धड्याचे उत्तर इंग्रजीत रोज एक पान लिहा. घरची किंवा नोकरीची जबाबदारी असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा रस्ताही आहे.

अम्मी-अब्बांना एकच विनंती. निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचे मार्क काढू नका. मार्कशीट समोर ठेवा, मुलासोबत बसा आणि "कुठल्या विषयात अडलं?" एवढे विचारा. कॉलेज बदलायचे की नाही, हे त्या उत्तरावरून ठरवा.