अंगठा आणि हिशेब

सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा दुष्काळी मुलूख. तिथल्या म्हसवड गावची ही हकीकत. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवावेत, हा तिचा विचार. पण रक्कम लहान म्हणून बँकेने खातेच उघडले नाही. तेव्हा श्रीमती चेतना सिन्हा यांच्यासह बायांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. पहिल्या वेळी रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. कारण, सभासद बाया निरक्षर! पण बाया खचल्या नाहीत. त्यांनी अक्षरे गिरवली, काही महिन्यांनी पुन्हा जाऊन त्या उभ्या राहिल्या आणि व्याज तोंडी काढून दाखवतो, असे त्यांनी साहेबांना बजावले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

यातून घ्यायचे काय? हिशेब त्यांच्या डोक्यात होताच, तो कागदावर उतरला. सावकाराचे ‘महिना शेकडा दोन’ म्हणजे शंभरावर वर्षाला चोवीस, बरं का! हे गणित गुरुजींनी फळ्यावर मांडावे आणि आईने चुलीपाशी मुलामुलींकडून वदवून घ्यावे. मग कोऱ्या कागदावर अंगठा उठवायची पाळी त्यांच्यावर येणार नाही.