चिखल्या, चट्टा आणि महारोग

वरसाव्यापासून भाईंदरपर्यंतचा खाडीकाठ पिढ्यान्‌पिढ्या भाताच्या खाचरांवर, मासळीवर आणि मिठागरांवर जगला. पाण्याचिखलात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायाच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून चिरते, तिला मराठीत चिखल्या म्हणतात. नावातच कारण सांगितलेले आहे. हत्तीच्या कानावरून गजकर्ण, विळखा घालते म्हणून नागीण, आणि डाग, चट्टा, पुळी, फोड, काही तासांत उठून विरणारी गांध ही तर साधी रोजची भाषा. लंडनच्या रॉबर्ट विलनने 1808 साली त्वचारोगांची आठ गटांत मांडणी केली, तीही डोळ्यांना काय दिसते यावरच. 1845 साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी संज्ञा नव्या असतील. पाहून नाव देण्याची रीत त्याच्या घरातलीच होती. ही नावे वर्णन करत राहिली तोवर उपयोगी पडली. घात केला तो निवाडा सुनावणाऱ्या नावांनी, असे मला वाटते.

कुष्ठाला दिलेले ‘महारोग’ हे त्यांतले सर्वांत क्रूर नाव. तो कसा दिसतो, कुठे होतो, यातले काहीच ते सांगत नाही. फक्त धाक घालते. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे, आणि त्यांत दद्रू म्हणजे नायटाही येतो. एवढा ऐसपैस शब्द पुढे एकाच रोगाला चिकटला, आणि कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हटल्याने ज्यांना तो रोग नव्हताच त्यांच्यावरही त्याची सावली पडली. डॉक्टर हान्सेनला 1873 मध्ये कुष्ठाचा जंतू दिसला, तरी 1898 च्या कुष्ठविषयक कायद्याने जखमा झालेल्या निराधार रुग्णांना कोंडण्याची मुभा दिली. वास्तविक त्या जखमा बहुधा बधिर हातापायांना नकळत झालेल्या इजांच्या असतात. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांनी 1890 साली माटुंग्याला बेघर रुग्णांसाठी आश्रम काढला. त्यांच्या कामात करुणा होती. पण दाखल होणाऱ्याच्या कपाळावरचा शब्द त्याने पुसला गेला नाही.

यावर आक्षेप येईल की दिसण्यावर विसंबणेही धोक्याचेच. शिबे, कोड आणि कुष्ठ तिन्ही फिकट दिसतात. गजकर्णावर स्टेरॉइडचे मलम चोळले की त्याची कडा पुसट होते आणि जाणताही फसतो. आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा उपाय अधिक बारकाईने पाहण्यात आणि स्पर्श करण्यात आहे. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, संवेदना शाबूत. शिब्यावर नख ओढले की बारीक कोंडा सुटतो. कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो, पांढराशुभ्र नसतो, आणि तिथे कापसाचा स्पर्श बहुधा कळत नाही. ‘इथे बधिर लागतं’ असे रुग्ण आपणहून म्हणतो तेव्हा निम्मे निदान त्यानेच केलेले असते. मात्र ते म्हणायला तो दवाखान्यापर्यंत यायला हवा. बहुविध औषधोपचार 1982 पासून उपलब्ध आहेत, सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. तरीही हा आजार घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात 2019 पर्यंत टिकून होता.