छातीला कान कुणी लावायचा? शरीरतपासणीचा इतिहास आणि परिचारिका

समोर नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि विद्यार्थी बसलेत, आणि ही व्याख्यानं नंतर घरी बसून ऐकणारे बहुतेक या क्षेत्राबाहेरचे असतात. दोघांनाही पटेल अशा बेतानं बोलतो. मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा. माझ्या डॉक्टरकीनं आजवर कुणाचा ताप उतरलेला नाही. पण 'आपल्याला जे कळतं ते कशावरून कळतं, आणि मला कळलंय असं म्हणायचा अधिकार कुणाला' हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. तुमच्या 'हेल्थ असेसमेंट'च्या पुस्तकात तो पानोपानी दडलेला मला दिसला.

त्या पुस्तकात चार पायऱ्या असतात. पाहायचं, हातानं चाचपायचं, बोटांनी ठोकून बघायचं आणि ऐकायचं. तुम्ही म्हणता इन्स्पेक्शन, पाल्पेशन, पर्कशन, ऑस्कल्टेशन. श्वसनसंस्था असो, हृदय असो, याच चार पायऱ्या. फक्त पोटाशी आलं की क्रम बदलतो: आधी पाहायचं, मग ऐकायचं, हात नंतर. कारण पोट आधी दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलतात. हे सगळं इतकं साधं वाटतं की माणूस अनादिकाळापासून असंच करत असणार, असा आपला समज होतो. तसं नाहीये. यातल्या शेवटच्या दोन पायऱ्या पद्धत म्हणून रूढ झाल्या त्याला दोन-अडीचशे वर्षं झाली, आणि परिचारिकेच्या हाती त्या आल्या त्या तर अगदी परवा.

आपल्याकडे काय होतं? दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण ऐकून असतो. चरकसंहितेत विमानस्थानात म्हटलंय की वैद्यानं रोग्याचं शरीर सर्व इंद्रियांनी तपासावं, जीभ सोडून. आतड्यांची गुरगुर, बोटांच्या सांध्यांचा कटकट आवाज, स्वरातला फरक, हे कानानं. आणि चवीचं काय? तर ती अनुमानानं. अंगावर माश्या बसू लागल्या की शरीर गोड झालंय असं समजायचं! मला हे फार आवडतं. प्रत्यक्ष कुठे संपतं आणि अनुमान कुठे सुरू होतं, याचा इतका स्वच्छ धडा न्यायशास्त्राच्या वर्गातही क्वचित मिळतो.

त्याच ग्रंथात चिकित्सेचे चार पाद सांगितलेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. चारांत एक पूर्ण पाद शुश्रूषेला दिलाय, याचा अभिमान जरूर बाळगा. पण त्या उपस्थात्याचे गुण नीट वाचा. उपचाराची माहिती हवी, दक्षता हवी, अनुराग हवा, शुचिता हवी. परीक्षा करावी, असं कुठे आहे? नाही. ते काम वैद्याचं. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे ती सगळीकडे भेटणार आहे.

आता युरोपात जाऊ. अठराव्या शतकातला तिथला मोठा डॉक्टर रोग्याला फारसा हात लावत नसे. नाडी बघायची, जीभ बघायची, लघवी बघायची आणि रोग्याची हकीकत ऐकायची. श्रीमंत रोगी तर पत्रानं लक्षणं कळवत आणि पत्रानंच सल्ला घेत. म्हणजे रोग्याचं शरीर रोग्याच्याच शब्दांतून कळे. चुकीचं कळत असेल पुष्कळदा, पण सांगणारा तो होता.

अशा काळात व्हिएन्नातल्या स्पॅनिश हॉस्पिटलात लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाचा डॉक्टर होता. जन्म १७२२ चा, ग्रात्सचा. वडिलांची खानावळ होती, आणि तळघरातल्या पिंपात दारू किती उरली हे पिंप ठोकून ओळखतात, ते यानं लहानपणी पाहिलं होतं अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो-नसो, युक्ती तीच. निरोगी छातीवर बोटं ठोकली की कापड घातलेल्या ढोलासारखा आवाज येतो; आत पाणी साचलं असेल तर मांडीवर ठोकल्यासारखा बद्द. त्यानं प्रेतांच्या छातीत पाणी भरून आवाज कुठवर बदलतो ते तपासलं आणि १७६१ मध्ये लॅटिनमध्ये छोटंसं पुस्तक काढलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे १८०८ मध्ये नेपोलियनचा डॉक्टर कोर्व्हिझार यानं त्याचं फ्रेंच भाषांतर केलं, आणि हे श्रेय मला स्वतःकडे घेता आलं असतं पण घेत नाही, असं प्रस्तावनेत मोकळेपणानं सांगितलं. पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर वारला. मधल्या काळात या माणसानं सालिएरीच्या एका ऑपेराची संहिताही लिहिली होती. कान चांगला असणार, दुसरं काय!

कोर्व्हिझारचा विद्यार्थी लेनेक. १८१६ साली त्याच्यापुढे एक तरुण बाई आली, हृदयाच्या तक्रारीची. स्थूल असल्यानं ठोकून काही कळेना, आणि तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणं प्रशस्त नाही. त्याला आठवलं की लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीनं खरवडलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. त्यानं कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीला, दुसरं आपल्या कानाला. नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आलं. मग लाकडाची नळी आली, १८१९ मध्ये ग्रंथ आला. फुप्फुसांतल्या किती तऱ्हेच्या आवाजांना त्यानं नावं दिली! त्यातली काही आजही तुम्ही परीक्षेत लिहिता. १८२६ मध्ये तो स्वतः क्षयानं गेला, वय पंचेचाळीस.

स्टेथोस्कोप या ग्रीक शब्दाचा अर्थ बघा: छाती 'पाहण्याचं' साधन. ऐकण्याला त्यानं पाहणं म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. त्याला छातीच्या आत पाहायचं होतं आणि पुढे शवविच्छेदनात ते पडताळायचं होतं. मिशेल फुको या फ्रेंच विचारवंतानं १९६३ च्या आपल्या पुस्तकात हाच बदल मांडला. 'तुम्हाला काय होतंय?' या प्रश्नाची जागा 'कुठे दुखतंय?' या प्रश्नानं घेतली, असं त्याचं सूत्र आहे. फुको मला सगळा पटत नाही, तो फार गोल गोल बोलतो. पण एवढं खरं की नळी कानाला लागली आणि त्या क्षणी रोग्याला गप्प बसावं लागलं. आजही आपण म्हणतो ना, 'बोलू नका, श्वास घ्या'.

आणि परिचारिका? फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं 'नोट्स ऑन नर्सिंग' १८५९ चं. त्यात निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि माझ्या मते ते तर्कशास्त्राच्या अभ्यासक्रमाला लावायला हरकत नाही. 'रात्र बरी गेली का?' असं विचारू नका, असं ती बजावते. दहा तास झोप लागली नाही तर एकाची रात्र वाईट जाते, आणि अधूनमधून डोळा लागला तरी दुसरा म्हणतो बरी गेली. तेव्हा किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, असं विचारा. उत्तर सुचवणारा प्रश्न नको, मोजता येईल असा हवा. इतकी धारदार बुद्धी! पण या निरीक्षणाचं पुढे काय करायचं? डॉक्टरांना कळवायचं. बघायचं परिचारिकेनं, अर्थ लावायचा डॉक्टरनं. चरकाचीच वाटणी, लंडनमध्ये.

साधनांचा प्रवासही याच वाटणीनं झाला. लाइपझिगच्या वुंडरलिश यानं सुमारे पंचवीस हजार रोग्यांच्या तापाच्या नोंदींवर १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला, तेव्हा थर्मामीटर विद्वानांचं साधन होतं. ते आखूड झालं, झटपट झालं, आणि नर्सच्या खिशात गेलं. रक्तदाबाचं तेच. रिव्हा-रोची यांचा दंडपट्टा १८९६ चा, कोरोत्कोव्हचे आवाज १९०५ चे. सुरुवातीला डॉक्टरचं काम, मग नर्सचं. ज्ञानाचा आकडा झाला की तो नर्सकडे सोपवायचा, आणि ज्यात अजून 'कान' लागतो ते डॉक्टरकडे ठेवायचं, असा हा क्रम दिसतो. अमेरिकेच्या परिचारिका संघटनेनंच १९५५ मध्ये नर्सिंगची व्याख्या करताना निदान करणं त्यात येत नाही, असं लिहून दिलं.

तिथली गाठ सुटली ती १९६५ मध्ये, कोलोराडोत. लोरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्यातली नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून नर्सेसना मुलांची संपूर्ण शारीरिक तपासणी शिकवायला सुरुवात केली. विरोध झाला, आणि गंमत म्हणजे तो नर्सिंगच्या प्राध्यापकांकडूनही झाला! १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या कायद्यानं नर्सिंगच्या व्याख्येत निदान हा शब्द घातला. तुमच्या असेसमेंटच्या जाडजूड पुस्तकामागे ही सगळी भांडणं आहेत. १९७४ ची ग्लासगो कोमा स्केल, तीन ते पंधरा गुणांची, तीही डॉक्टर आणि नर्स दोघांना एकाच भाषेत बोलता यावं अशी बेतलेली होती.

आपल्या जवळचं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं खेड्यातल्या दाया आणि आरोग्यसेवक यांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. श्वास मोजायचे. पण अंक येत नसतील तर? मग वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, लाल मणी आला की धोका. स्टेथोस्कोपशिवाय, शाळेशिवाय निदान. बघणं एकाचं आणि अर्थ लावणं दुसऱ्याचं, ही वाटणी त्या लाल मण्यानं पुसून टाकली. आज आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नर्सिंग झालेली मुलगी एकटी रोगी तपासते, तेव्हा ती याच वाटेवर उभी असते.

श्वासावरून एक सांगतो. माझे थोरले बंधू काही वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेसाठी एका इस्पितळात होते. रात्री सिस्टर आल्या, केरळच्या, मराठी मोडकंतोडकं. नाडी, ताप, रक्तदाब, सगळं ठीक. पण त्या गेल्या नाहीत. मनगटावर बोटं तशीच ठेवून पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत उभ्या राहिल्या. श्वास अठ्ठावीस. त्यांनी फोन लावला. पलीकडून तरुण डॉक्टरांनी विचारलं असावं, बाकी आकडे काय आहेत? कारण सिस्टर म्हणाल्या, 'बाकी नॉर्मल आहे सर, पण हे बरोबर वाटत नाहीत.' डॉक्टर आले ते दोन तासांनी, आणि पहाटे बंधूंना आयसीयूत हलवलं. ते वाचले. दुसऱ्या दिवशी मी पायथ्याशी लटकवलेला तक्ता पाहिला. आधीच्या तीन दिवसांत श्वासाच्या रकान्यात सलग वीस, वीस, वीस. माणूस झोपला असो की जागा, वीस. म्हणजे कुणी मोजलेच नव्हते. तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला हा वीसचा आकडा ओळखीचा आहे. रक्तदाबाला यंत्र आहे, ऑक्सिजनला बोटाची चिमटी आहे. श्वासाला अजून साध्या वॉर्डात माणूसच लागतो, मिनिटभर उभा राहणारा.

आता मला ज्यात खरा रस आहे ते. 'हे बरोबर वाटत नाहीत' हे ज्ञान आहे की नुसतं वाटणं? आमच्या शास्त्रात यावर कपाटं भरलीत. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात हा प्रश्न व्यवहारात सोडवला. रोगी वॉर्डात अचानक ढासळू लागला तर तातडीचं पथक कधी बोलवायचं, याची त्यांनी यादी केली. श्वास इतक्याच्या वर, नाडी इतक्याच्या खाली, वगैरे. आणि यादीत एक कलम घातलं: ज्या रोग्याबद्दल तुम्हाला गंभीर काळजी वाटते तो. आकडा नाही, कारण द्यायची सक्ती नाही. नर्सनं बोलवलं तरी पथक निघालंच पाहिजे.

आपल्याकडच्या किती इस्पितळांत असं कलम आहे, हे तुम्ही आपापल्या वॉर्डात जाऊन विचारा. वेळ झालाय. मागच्या रांगेतून कुणीतरी हात केव्हाचा वर केलाय, त्यांना माइक द्या.