आधी वाणी, मग उमेदवार

जव्हार तालुक्यातले वावर महाराष्ट्राला ठाऊक झाले ते १९९२ साली, वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली तेव्हा. वृत्तपत्रांनी ते छापले. त्यांचे हे ऋण मी मानतो. पण त्या बातम्यांतून आदिवासीचे एकच रूप ठसले: मरणारा, मागणारा. कारभार पेलणारा आदिवासी मला त्यांत सापडला नाही. येथील विधानसभेची जागा राखीव आहे. कायद्याने जागा राखता येते. प्रतिमा मात्र इतरांच्याच लेखणीत राहते. मतदाराच्या दारी उमेदवार पोहोचण्याआधी त्याची बातमी पोहोचलेली असते. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले ३१ जानेवारी १९२० रोजी. स्वतंत्र मजूर पक्ष स्थापला १९३६ साली. आधी वाणी, मग उमेदवार. हा क्रम आपण विसरलो काय?